हवाबाई आणि सीलबंद पेट्या

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे हवाबाई म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. कॉम्प्युटर हवेवर छान थंड होतो, पाण्याच्या नळ्यांची चैन कशाला, असं ती बावीस वर्षं सांगत आली होती आणि ऐकणारा उठून गेला तरी वाक्य पुरं करत होती. रंगीत दिव्यांच्या काचेच्या कॅबिनेटला ती 'वरून कीर्तन, आतून तमाशा' म्हणे. प्रोसेसरपेक्षा त्याला थंड ठेवणारा कूलर महाग दिसला की, "नाकापेक्षा मोती जड!" घरी जाऊबाई कुरकुरत, "हिच्या खोलीत केर काढायचा तर आधी स्क्रू वेचावे लागतात."

कचेरीतली आठही मशीनं तिनेच जुळवलेली. हल्ली ती भर कामात बंद पडू लागली, तेव्हा साहेबांनी एक टायवाला विक्रेता बोलावला. त्याचं म्हणणं, आठही भंगारात द्या आणि पाण्यावर थंड होणाऱ्या माझ्या आठ सीलबंद पेट्या घ्या. नमुन्याची एक पेटी त्याने टेबलावर आणून ठेवलीही. हवाबाई भडकली. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी आतली पेस्ट वाळलेली, पंख्यांत धूळ, एवढंच काय ते दुखणं. डोकं दुखतं म्हणून कुणी डोकं कापतं का?

"एका मशीनला साधा नवा कूलर बसवते," ती साहेबांना म्हणाली. "दिवसभर चाललं तर आठही राहतील. नाही चाललं तर मशीनं जातील आणि मीही जाईन."

साहेबांनी शब्द धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांसमोर कूलर बसवला. हात स्क्रूवर, तोंड टायवाल्यावर. "गेल्या वर्षीचंच ग्राफिक्स कार्ड, नाव बदललं की किंमत दीडपट? लोकांना काय वेडं समजता?" मंडळी हसली तशी ती आणखी रंगात आली. मशीन सुरू झालं, मोठा नकाशा उघडला आणि सातव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

तिने कूलर काढून उलटा केला. तळाच्या तांब्यावर पारदर्शक पट्टी तशीच होती. ती सोलून मगच कूलर बसवायचा, नाहीतर उष्णता तांब्यापर्यंत पोचत नाही, हे नवख्यालाही पहिल्या दिवशी सांगतात. भाषणाच्या भरात हिने पट्टीवरच पेस्ट फासली होती. नखभर प्लास्टिक, मुठीत लपवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. तिच्या मनात आलंही तसं, खोटं कशाला बोला!

तिने पट्टी चिमटीत धरून वर केली. "ही काढायची मी विसरले. चूक माझी आहे. हवेची नाही, मशीनची नाही."

"बघा साहेब, हा बावीस वर्षांचा अनुभव!" टायवाला म्हणाला.

"माझी चूक दिसली, कारण माझं मशीन उघडता येतं. आता तुमची पेटी उघडा."

"सील तोडलं की वॉरंटी जाते, बाई."

"मग तुमचा माणूस पट्टी विसरला असेल, तर आम्हाला कळणार कसं?"

टायवाल्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब पेटीकडे बघत होते. "पुन्हा बसवा, संध्याकाळपर्यंत बघू," ते हवाबाईला म्हणाले.

तिने जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, कूलर आवळला. संध्याकाळी सगळे निघाले तरी तो नकाशा पडद्यावर होता.

"उद्यापासून उरलेली सात करा," साहेब म्हणाले. "आणि बसवताना तोंड बंद."

"तोंड बंद राहायचं नाही, साहेब," हवाबाई म्हणाली. "पट्टी आधी काढीन."