मुक्तिदिनाची शेरवानी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. भूकंपाच्या वेळी अहमदपूरहून किल्लारीकडं कपड्यांचा ट्रक गेला, त्यात एक काळी शेरवानी होती. ती चुकून गेली असं मी सांगितलं होतं. ती मी टाकली. गठ्ठ्याच्या मधोमध, वरून दिसू नये अशी.

शेरवानी आमच्या शेजारच्या खालांच्या घरची. त्यांचे सासरे निजामाच्या काळात तहसिलीत कारकून होते. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि त्यानंतरच्या दिवसांत आसपासच्या गावांत रझाकार टोळ्यांचा सूड म्हणून मुसलमानांचं जे काही झालं त्यात ते गेले. ते रझाकार नव्हते. पण तेव्हा विचारत कोण बसलं होतं? उकडतंय म्हणून शेरवानी खुंटीला लावून सदऱ्यावरच बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. मयत सापडली नाही, म्हणून कबर नाही. शब-ए-बरातला सगळे कबरस्तानात जायचे. या घरात मात्र शेरवानी खुंटीवरून उतरवून चौरंगावर ठेवायचे आणि तिच्यासमोर फातेहा पढायचे. नंतरचा हलवा लहानपणी मी कितीदा तरी खाल्लाय. म्हणजे ती शेरवानी काय आहे हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

आमच्या घरालाही त्या काळाची झळ बसलेली. आजोबांच्या थोरल्या भावाला रझाकारांनी मारलं, आजोबा सोलापूरकडं पळाले. ही गोष्ट आमच्याकडं पाहुण्यारावळ्यांपुढं मोठ्यानं सांगायचे. खालांकडची गोष्ट दार लोटून घेतल्याशिवाय कुणी काढत नसे. हा फरक मला दिसत होता, पण तो असायचाच असं वाटायचं.

भूकंपाच्या त्या वर्षी मी एका खासगी शाळेत नवा मास्तर होतो. सतरा सप्टेंबरच्या मुक्तिदिनाला झेंडावंदन झालं की आमच्याकडं नाटुकलं ठरलेलं. रझाकार येणार, गावाला छळणार, शेवटी पोरं त्याला चपलांनी बडवणार आणि भारतमातेचा जयजयकार. रझाकार दरवर्षी लुंगीवर यायचा. हेडसर मला म्हणाले, "अहो, लोक हसून राहिलेत त्याला. जरा खरा वाटू द्या की." मला नोकरीत कायम व्हायचं होतं.

मी खालांकडं गेलो. म्हणालो, "शाळेच्या नाटकात नवरदेव आहे, खाला. शेरवानी मिळेल का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग हसल्या. "ले जा बेटा. इतकी वर्सं मातमच बघितला तिनं. एक दिवस शादी बघू दे."

आणि त्या नाटक बघायला आल्या. नातवाचा हात धरून, बायकांच्या रांगेत पुढंच बसल्या. या येतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रझाकार आला तशी शिट्टी पडली. "आता शोभून राहिला की रं!" कुणीतरी ओरडलं. "हाण, हाण त्याला!" पोरांना चेव चढला. एकानं बाही ओढली, ती खांद्यापासून उसवली. पाठीवर चपलांचे धुळकट ठसे उमटत होते आणि मी पडद्याआडून पुढची वाक्यं सांगत होतो. थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. खाला बसून होत्या. राष्ट्रगीताला उठल्या, नातवालाही ताठ उभं केलं. मग माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "तुमच्या नवरदेवानं लई मार खाल्ला की, मास्तर."

तोवर त्या मला कधी मास्तर म्हणाल्या नव्हत्या.

"धुऊन, शिवून आणून देतो," मी म्हणालो.

"हाव."

ना धुतली, ना शिवली. शाळेच्या कपाटात कोंबून ठेवली आणि खालांचं दार टाळून मी मागच्या बोळानं घरी जायला लागलो. तेवढ्यात भूकंप झाला. आमच्याकडं भिंतींना चिरा गेल्या. तिकडं गावंच्या गावं गेली. शाळेच्या ओसरीवर कपड्यांचे ढीग लागले, पोरं गठ्ठे बांधत होती. मी कपाट उघडलं. सगळी माणसं रडत असताना मला सुटका दिसली, हे लिहायची आज लाज वाटते. पण तसंच झालं.

मग तोंड पाडून खालांकडं गेलो. पोरांनी चुकून गठ्ठ्यात बांधली म्हणून सांगितलं.

"कुणाच्या अंगावर गेली?"

"गेली असेल, खाला."

"मग बरं झालं. घर पडलेल्याच्या कामी आली." त्यांना खरं वाटलं की त्यांनी मला सोडून दिलं, ते मला आजही कळलेलं नाही. पुढच्या शब-ए-बरातला त्यांनी चौरंग मांडला का, हे मी विचारलं नाही. काही वर्षांनी त्या वारल्या.

मी नोकरी सोडून लातूरला गेलो. तिथं क्लासेसचा जोर वाढत होता. गोठ्यांच्या जागी होस्टेलं उभी राहत होती. भौतिकशास्त्र शिकवून नाव झालं, मग नांदेडला स्वतःचे क्लासेस काढले. गेल्या वर्षी तो नातू मुलीला घेऊन अहमदपूरहून आला. मुलगी मेडिकलच्या बॅचला. मुक्तिदिनाच्या आधी त्याचा फोन आला.

"सर, होस्टेलातल्या पोरी तिला रझाकार म्हणून चिडवून राहिल्यात. झेंडावंदनाला येत न्हाई म्हणते. तुम्ही सांगा ना तिला, आपली शेरवानी भूकंपाला दिलेली."

मी हळूच विचारलं, "नाटकाचं आठवतं का तुला?"

"आठवतं की. पण दादी म्हणायची, ते सोड. मास्तरानं शेवटी चांगल्या कामाला लावली."

मी मुलीला केबिनमध्ये बोलावलं. सांगायची वेळ तीच होती. आणि मी तिला सांगितलं, की तुझ्या खापरपणज्यांची शेरवानी किल्लारीच्या माणसाच्या अंगावर गेली, मी डोळ्यांनी बघितलंय. बघितलंय, हे मी नव्यानं जोडलं.

ती झेंडावंदनाला आली. नंतर माईक घेऊन सगळ्या बॅचसमोर तिनं तीच गोष्ट सांगितली. पोरींनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. या मातीत आपली जागा आहे याचा पुरावा म्हणून ती पोर माझं खोटं पुढं करत होती. आणि जो माणूस मुक्तीनंतर मारला गेला, त्याच्याबद्दल त्या मैदानावर कुणी एक शब्द बोललं नाही. तिला तरी कुठं ठाऊक होतं?

त्या बापलेकीला समोर बसवणं, शेरवानी काय सांगून आणली, तिचं काय केलं आणि ट्रकात कुणी टाकली ते सांगणं, आणि पुढच्या मुक्तिदिनाला त्याच माईकवर खालांचे सासरे कसे गेले ते बोलणं, एवढं मी त्या घराचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.