माही लाइन मोकळीच हाये

खिडकीशी पोचली की ती आधी काठी गजाला अडकवायची, पदराच्या टोकानं कपाळ पुसायची आणि मान वाकवून आत बघत म्हणायची, "मी आली, बाबू."

जणू ती येईपर्यंत मी संगणक सुरूच केला नव्हता. मीही म्हणायचो, "या, मावशी." मग ती मागं वळून बाजूच्या लांबलचक रांगेकडं पाहायची आणि त्यात ओळखीचा चेहरा दिसला की सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "माही लाइन मोकळीच हाये."

मी मोहाडीच्या तहसील कार्यालयात दाखल्यांच्या खिडकीवर बसतो. अशा खिडकीसमोर तुम्हीही कधीतरी उभे राहिला असाल. पूर्वी आमच्याकडं एकच रांग होती. व्हरांड्यातून निघायची, पायऱ्या उतरायची आणि उन्हात सायकलींपर्यंत जायची. शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की त्या रांगेत म्हातारी माणसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत तासन्‌तास उभी असत. मग ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांगांसाठी वेगळी खिडकी झाली. फलक लागला, समोर बाक आला, आणि आत मी.

सुरुवातीला माझ्यासमोर कुणी यायचंच नाही. म्हातारी माणसं सवयीनं मोठ्या रांगेतच शिरत. फलक वाचून सरळ माझ्याकडं आलेलं पहिलं माणूस म्हणजे ही मावशी. आंधळगावची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, लहानपणी पोलिओनं एक पाय वाळलेला. उत्पन्नाचा दाखला हवा होता. कागद नीट होते, मी लगेच अर्ज भरला आणि पावती हातात दिली. ती हलेना.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"इतक्यात?"

तिचा चेहरा चक्क पडला. दिवसभर लागेल म्हणून ती डबा बांधून, नवं लुगडं नेसून, काळीपिवळी जीपमध्ये पुढची जागा धरून आली होती. मग बाकावर बसून तिनं भर सकाळीच तो वांग्याची भाजी आणि भाताचा डबा खाल्ला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघत दुपारपर्यंत बसून राहिली. मला वाटलं, परतीच्या गाडीची वाट बघत असेल. पण गाड्या तर एकामागून एक जातच होत्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पुन्हा आली, शेजारच्या मुलीच्या रहिवासी दाखल्याचे कागद घेऊन. त्यानंतरच्या बाजाराला आणखी कुणाचे. सह्या आणि कागद बरोबर असले की अर्ज आणून देणारा कोण, हे त्या दिवसांत आमच्याकडं कुणी विचारत नव्हतं. हळूहळू तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी आली आणि त्या पिशवीत अख्ख्या गल्लीचे कागद. ज्यांना मोठ्या रांगेत दिवस घालवायचा नव्हता, ते सगळे तिच्याकडं देऊ लागले.

मी एकदा म्हटलं, मावशी, तुम्ही काहून एवढा ताप करून घेता? ती हसली. म्हणाली, ताप कायचा, माही लाइन मोकळीच तर हाये.

कामं होत असताना ती बोलत राहायची. कुणाची मुलगी नर्सिंगला चालली, कुणाचा मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे पळतो, कुणाच्या सुनेला दिवस गेले. तिचं स्वतःचं त्यातून जाता जाता कळायचं. आईवडील गेले. भाऊ नोकरीनिमित्त नागपूरला, तिकडचाच झाला. जुनं घर आणि ती, दोघंच. एका दुकानदाराची लाखोळीची डाळ घरी आणून निवडून द्यायची, म्हणजे दिवसभर सूप मांडीवर आणि मान खाली. पूर्वी तिच्या दारात माणूस आलंच तर कोंबडी इकडं शिरली का, एवढं विचारायला यायचं. आता बाजाराच्या आदल्या संध्याकाळी लोक कागद घेऊन येत, खाटेवर बसत, चहा घेत. तिनं नव्या कपांचा सेट आणला होता. ते तिनं मला दोनदा सांगितलं.

एका बाईच्या मुलीचा जातीचा दाखला हिच्यामुळं वेळेत मिळाला, म्हणून त्या घरच्या लग्नात हिला आदल्या दिवशीच नेलं. हळदीला बसवलं. त्या गोष्टीला महिना झाला तरी ती नखांचा पिवळेपणा मला दाखवायची. तो कधीच गेलेला होता. मी बघून "हो" म्हणायचो.

तिच्या लाइनीचा तिला अभिमानही होता. एकदा एक धट्टाकट्टा गृहस्थ लंगडत माझ्या खिडकीशी आला, काम उरकलं आणि लंगडतच निघाला. ती बाकावरून शांतपणे म्हणाली, "भाऊ, येतानी डावा होता. एक पाय ठरवून घ्या." सगळा व्हरांडा हसला. तो गृहस्थ पुन्हा आमच्या बाजूला फिरकला नाही.

आणि मग तो दिवस आला. श्रावणातला बाजार होता, गर्दी होती. तोवर लोकांना आमची खिडकी माहीत झाली होती, आणि मावशीच्या मागं बरीच म्हातारी माणसं उभी होती. तिची पिशवी त्या दिवशी नेहमीपेक्षा भरलेली. मी एकेक अर्ज घेत होतो, ती एकेकाची माहिती सांगत होती. तिच्या मागं एक म्हातारा होता, तलावाकाठच्या गावचा ढिवर. उभं आयुष्य मासे धरण्यात गेलेलं, हातांची बोटं पाण्यानं पांढरट झालेली. बायकोचं नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं, त्यासाठी त्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता. उभं राहवेना तेव्हा तो जमिनीवरच टेकला. मावशीला हे दिसलं नाही. ती माझ्याकडं तोंड करून कुणाच्या तरी मुलीचे बारावीचे मार्क सांगत होती.

तिची पिशवी रिकामी झाली, म्हातारा भिंतीला धरून उठला, आणि संगणकाची इंटरनेट लिंक गेली. ती त्या दिवशी परत आलीच नाही. अंधारून आल्यावर मी त्याला सांगितलं, बाबा, आता उद्या.

मावशी बाकावर पावत्या लावत बसली होती. तिनं ते ऐकलं आणि त्याला विचारलं, तुमी केव्हापासून उभे होते? तो म्हणाला, सकाळपासून. मग तिचा उतरलेला चेहरा बघून, तिलाच बरं वाटावं म्हणून म्हणाला, "तुही लाइन हाये, बाई. मी येईन उद्या."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता, तरी ती आली. खांद्याला पिशवी नव्हती. रांगेत उभी न राहता बाकावर बसली आणि फाटकाकडं बघत राहिली. म्हातारा आल्यावर उठून त्याला खिडकीशी घेऊन आली. त्याच्या हातातले कागद तिनंच माझ्यासमोर सरळ केले आणि बाजूला सरकली. त्याचा दाखला तातडीनं मिळावा म्हणून मी आत साहेबांची सही घ्यायला गेलो, तेव्हा ती त्याला बायकोची तब्येत विचारत होती. दाखला घेऊन तो गेला. तिनं त्याला चहाही पाजला, असं टपरीवाल्यानं मागाहून सांगितलं.

मग ती खिडकीशी आली. काठी गजाला अडकवली नाही, हातातच ठेवली.

"आता मी कोनाचे कागद आननार नाई, बाबू."

मी म्हटलं, एखाददुसरे आणले तर काय बिघडतं. मी सांभाळून घेईन.

ती म्हणाली, "एक आनला का दुसऱ्याले नाई म्हनता येत नाई." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "लोक काई मायासाठी येत नव्हते. मले मालूम होतं. पन दारात मानूस येत होतं."

 मागं एक आजी येऊन उभी राहिली होती आणि मावशी तिला जागा देऊन निघूनही गेली.

गावात तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, आपापल्या लाइनीत उभे राहा. काहींना राग आला. एक बाई म्हणे तिला म्हणाली, फुकटची लाइन होती, तुह्या बापाचं काय जात होतं. मग बोलणंही थांबलं. राग धरून नव्हे, निव्वळ काम उरलं नाही म्हणून. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ती सवयीनं चहाचं आधण ठेवायची, हे तिनंच मला हसत हसत सांगितलं.

ती बाजाराच्या दिवशी येत राहिली, पण खिडकीशी क्वचितच. बाकावर बसायची. कुणा म्हाताऱ्याचा चष्मा घरी राहिला असेल तर त्याला पाटी वाचून दाखवायची, कुणाची काठी धरायची. तिचं माझ्याकडं काही काम नसायचं, आणि माझ्यासमोर रांग असायची. दिवसातून एकदोन वेळा नजरानजर व्हायची. मी मान हलवायचो, ती हात वर करायची.

हिवाळ्यात मला आंधळगावला एका नातलगाकडं जायचं होतं. म्हटलं, मावशीकडं डोकावू. घर कौलारू, दार उघडं. ती अंगणात उन्हाला पाठ करून डाळ निवडत होती. मला बघून उठायच्या गडबडीत तिनं सूपच कलंडवलं. मी डाळ गोळा करायला वाकलो तर म्हणाली, राहू द्या, राहू द्या, कोंबड्या खातील. आत नेऊन खाटेवर बसवलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली स्वच्छ पुसलेली फळी आणि फळीवर ते कप. तिनं ते सगळे धुतले. आम्ही दोघंच होतो.

चहा झाला. मी उठायचं म्हटलं की ती नवा विषय काढायची. भावाचा मुलगा, पडलेली भिंत, यंदाचं धान, तहसीलच्या अंगणातली कुत्री. मी परत बसायचो. शेवटी खरंच उशीर झाला तेव्हा ती दारापर्यंत आली आणि जरा चाचरत म्हणाली, "कागदाचं काई होतं का, बाबू? म्हंजे, कोनत्या कामानं आले होते?"

"काम नव्हतं. तुमाले भेटाले आलो होतो."

तिला ते लगेच पटलं नाही. माझ्या हातांकडं पाहिलं, ते रिकामे होते. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडं पाहत मला म्हणाली, गाडी सुटन, जा. मी माझा फोन नंबर तिला लिहून दिला.

उन्हाळ्यात ती विहिरीजवळ पडली. चांगला पाय मोडला. भाऊ आला, दवाखाना झाला, पण पुढं तिला ठेवायचं कुणी हा प्रश्न आला. तिची एक भाची लाखांदूर तालुक्यात दिघोरीला दिलेली आहे. ती घेऊन गेली. मोहाडीहून दिघोरी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आंधळगावच्या घराला कुलूप आहे, हे मला तिच्या शेजारणीनं सांगितलं, मोठ्या रांगेत उभी असताना.

माझ्या खिडकीसमोर आता रोज माणसं असतात. बाकावर जागा नसते.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. "मी बोलून राहिली, बाबू." आवाज बारीक झाला होता, तरी मी ओळखला. भाची लई चांगली हाये म्हणाली. जावईही. खाटेवर सगळं हातात आणून देतात. मी विचारलं, आता कोण आहे जवळ? ती म्हणाली, "सारे धानाच्या बांधीत गेले. रोवना सुरू हाये ना. सांजेले येतात."

मी चालता-फिरता येतं का विचारलं. ती म्हणाली, येईल. मग म्हणाली, "तुमच्यासमोर कोन उभं हाये?"

मी पाहिलं. एक आजी होती, पाठीतून वाकलेली, भिजलेल्या पिशवीतून कागद काढत होती. मी सांगितलं.

"एकटीच आली?"

"एकटीच दिसते."

"मंग ठेवा फोन. तिचं करा आधी."

मी म्हटलं, दोन मिनिटं बोला, आजी थांबेल. "नाई, नाई," ती म्हणाली, "ठेवा."

मी फोन टेबलावर ठेवला आणि आजीचे कागद घेतले. नाव, गाव टंकताना सहज लक्ष गेलं, तर तिकडून फोन बंद झालेला नव्हता. मावशी ऐकत होती. मी आजीला तिच्या गावाचं नाव पुन्हा विचारलं, मुलं किती, कुठं असतात, पाऊस कसा आहे तिकडं, येताना गाडी मिळाली का, आणि आजी एकेक उत्तर देत गेली तसा मी फोन हळूच आजीच्या बाजूला सरकवला.