रोवणीतला ब्लूज

आमच्या घराण्यात अमेरिकन संगीताचा जाणकार एकच, तो म्हणजे मी. दुसरा कोणी उमेदवारच उभा राहिला नाही, त्यामुळे ही निवड बिनविरोध झाली. नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा होस्टेलवरच्या माझ्या रूममेटकडे बुटांचं एक खोकं होतं, कॅसेटींनी गच्च भरलेलं. ब्लूज, जॅझ, रॉक, कंट्री असं त्या खोक्यात जे जे होतं तेवढंच माझं शिक्षण. गाण्यातले निम्मे शब्द कळत नसत, म्हणून मतं बनवायला काही अडचण आली नाही.

तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची जागा शेवटी भरते. एका पुतणीच्या वरातीत मी बँडच्या मास्तरला समजावायला गेलो. म्हटलं, तुम्ही हे ट्रम्पेट ज्या झोकात वाजवता ना, तो झोक अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जॅझमधून आपल्या सिनेमात आला आणि सिनेमातून तुमच्या वरातीत. मास्तरने ट्रम्पेट ओठांपासून जरा दूर केलं. म्हणाला, "सायेब, बाजूला व्हा. घोडा पाय देईन."

तर अशा जाणकारावर एकदा खरोखरीची जबाबदारी येऊन पडली.

मी राहतो भंडाऱ्यात, शेती करडी या गावी. ती पाहतो चुलतभाऊ, आणि चुलतभावाला पाहते त्याची आई, म्हणजे माझी काकू. धानाच्या रोवणीत आमच्याकडे बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोवत मागे मागे सरकतात. एकजण गाण्याची ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात. हात त्या गाण्यावर चालतात, म्हणून रोपांची रांग, आमच्याकडची पात, सरळ राहते. कोणी पुढे पळत नाही, कोणी मागे राहत नाही. ओळ टाकणारी काकू. तिचा आवाज बारीक, धारदार. गावच्या बाया म्हणत, वयनी इकडे गाते तं पल्याडच्या शेतातल्या बाया फुकटात रोवून घेतेत.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात थायरॉईडची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला. आवाज मात्र जाड झाला, घोगरा, बोलता बोलता मधेच फाटणारा. डॉक्टर म्हणाले, आता असाच राहील. काकूने त्यावर आपला निर्णय घेऊन टाकला. गाणं बंद, आणि गाण्याबरोबर बोलणंही जवळजवळ बंद. मागच्या रोवणीला ती शेताकडे फिरकलीच नाही. चुलतभाऊ मला म्हणाला, "दादा, आई घरात मुक्यावानी बसून राह्यते. जेवण वाढते, भांडत नाही. मले तं भेव वाटते. तू शिकला-सवरला, तू काही कर ना."

काकू भांडत नाही हे ऐकून मलाही धडकी भरली.

यंदा श्रावणातल्या एका रविवारी मी मुलीला घेऊन करडीला गेलो. काकू शेतावर यायला तयार झाली होती, पण फक्त चहाची किटली घेऊन. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसली ती बसली. समोरच्या बांधीत, धानाच्या त्या चिखलाच्या तुकड्यात, बारा बाया रोवत होत्या, सगळ्या चुपचाप. जी ती आपल्या चालीने. पात अशी वाकडी की नदीने लाजावं.

माझ्या खिशात ब्लूटूथ स्पीकर होता. तो असतोच. मला वाटलं, ताल पाहिजे ना, ताल माझ्याकडे आहे. त्यात काकूसाठी काही करावं हा विचार मुळीच नव्हता, हे इथं कबूल करतो. मला फक्त वाजवायचं होतं.

आधी रॉक लावलं. तरण्या पोरी भराभर मागे सरकल्या, म्हाताऱ्या जागच्या जागी राहिल्या, आणि मधे हातभर चिखल उघडा पडला.

"पप्पा," मुलगी म्हणाली, "बांधीले टक्कल पडलं."

"काय गा भाऊ," एक बाई चिखलातूनच ओरडली, "धान लावाचा हाये का वरात काढाची हाये?"

मग मुलीने तिच्या आवडीचा रॅप लावला. दोन मिनिटं बायांनी सहन केला. "हा कोणासंगं भांडून राहिला वो?" "दम तं घे म्हणा त्याले, छाती फुटन."

मी शरमून ब्लूजवर आलो. जुनं रेकॉर्डिंग, एक बाई आणि एक गिटार, बस. बायांचे हात जरा संथ झाले, पण निदान एकसारखे चालू लागले. मी मुलीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात मागून काकूचा आवाज आला. कप भरता भरता किटली तिच्या हातात तशीच राहिली होती.

"हे कोण होय?"

महिनोन् महिने तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी कसला सोडतो. "काकू, हे अमेरिकेतले काळे लोक. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होते. एकजण ओळ टाके, बाकीचे उचलत, तुमच्यासारखंच. त्याच्यातून हे ब्लूज निघालं, त्याच्यातून पुढं रॉक, सोल, या पोरीचा तो रॅपसुद्धा त्याच घरातला..."

"तिचं खानदान नाही इचारलं तुले. तिच्या गळ्याले काय झालं?"

तीस वर्षं मी तो आवाज ऐकतो आहे. त्यावर लोकांना पकडून पकडून व्याख्यानं दिली आहेत. पण तो फाटका आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आता ऐकलं, तर खरंच जाड, घोगरा, ओळीच्या मधोमध तुटणारा.

"काही नाही झालं," मी म्हटलं. "तिचा आवाजच तसा हाये."

"आन् लोकं आयकतेत?"

"सारी दुनिया आयकते."

"खोटं नोको सांगू मले."

मुलीने फोन तिच्यापुढे धरला आणि ऐकणाऱ्यांच्या आकड्यावर बोट ठेवलं. काकूला आकडा काही वाचता येईना, पण त्याची लांबी दिसली. ती धुऱ्यावर नीट मांडी घालून बसली. गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. ऐकता ऐकता म्हणाली, "ओळ टाकते आन् गप बसते. मंग ते तारेचं वाजते."

"हो, गिटार तिला उत्तर देते."

"गिटार काहून? बाया कुठं गेल्या तिच्या?"

मी फोनवरचा गाणारीचा फोटो तिच्यापुढे केला; त्यात ती आणि गिटार, बस.

"एकटी पडली बिचारी," काकू म्हणाली. आणि पुढची ओळ संपली तशी, गिटारीच्या आधी, तिने हूं धरला. शब्द नव्हते, नुसता खालच्या पट्टीतला हुंकार, शेवटी खरखरला. त्या तिकडल्या बाईला तिने करडीतून उत्तर दिलं.

बांधीतले चोवीस हात थांबले. कोणी वळून पाहिलं नाही. बायांना अशा वेळी काय करू नये ते बरोबर कळतं. मग सगळ्यांत म्हातारी होती ती वाकूनच म्हणाली, "वयनी, चहा मंग पाजा. पात वाकडी होऊन राहिली, पह्यले ते पाहा."

काकूने लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरली. "बंद कर गा तुहा डब्बा. मधात मधात बोलते."

तिने ओळ टाकली. त्यात नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाण्याला सांगायचं असतं, माझ्या माहेरावरून ये. माहेरापर्यंत पोचली आणि तिथेच आवाज तुटला. बायांनी सवयीने ओळ वरच्या पट्टीत उचलली, तिथे पूर्वी काकू असायची. आता ती नव्हती. दोन्ही सूर एकमेकांत अडकले, एका पोरीला हसू फुटलं आणि तिने ते गिळलं. मला वाटलं, गेली, आता चढते धुऱ्यावर.

"खाली या वो!" काकू कडाडली. दोन वर्षांत ती पहिल्यांदा कोणावर ओरडत होती. "कोणासाठी चढून राहिल्या तिकडं? मी आता वर नाही येत. माह्यापाशी या."

बाया खाली आल्या. लहानपणापासून ऐकलेलं ते गाणं मी ओळखलंच नाही आधी. जड झालं होतं, पाण्याने भरलेल्या पऱ्ह्यांच्या पेंढीसारखं. ओळ तुटली की बाया ती तुटल्या जागीच धरत आणि पुढे नेत. माझ्या मुलीने हळूच रेकॉर्डिंग चालू केलं, तर काकूने मान न उचलता सांगितलं, "तो फोन ठेव पोरी, पऱ्हे फेक इकडं. आन् तुह्या बापालेही दे एक पेंढी, उभा हाये खांबावानी."

मी चिखलात उतरलो. माझ्या पेंढ्या कुठे पडत होत्या याबद्दल बायांनी जे उद्गार काढले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

बांधी संपली तेव्हा पात सरळ होती. टक्कल पडलेला भाग सोडून, तो माझा. हात धुता धुता ती म्हातारी काकूला म्हणाली, "वयनी, उद्या आमच्या इथं रोवणी हाये. येता ना?"

काकूने खोचलेलं लुगडं खाली सोडलं. पायाचा चिखल धुतला.

"किती बाया हायेत तुह्याकडं?"

"सात-आठ असन."

"सातानं नाही होत. दहा तरी पायजेत. आता मले एकटीले ओळ नाही ओढवत."