दाखल्याचे तीस दिवस

आमच्याकडे घर सोडून जायचे दिवस दसऱ्यानंतरचे. माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, ट्रॉलीत सामान टाकून ऊसतोडीला निघायचे आणि मी मागे राहायचे. त्यामुळे त्या ऑगस्टात खर्ड्याच्या स्टँडवर मी एसटीत आणि ती दोघं खाली, असं उलटं झालं तेव्हा आम्हा तिघांनाही काही सुचेना. निघणाऱ्यानं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं, मागे राहणाऱ्यानं काय करायचं ते मला. माय खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. दादा कंडक्टरला सांगत होते की पोरगी नगरला उतरणार आहे, तिथून तिला दिल्लीची रेल्वे आहे. कंडक्टरला त्याचं काय, तो तिकिटं फाडत होता. तरी दादांनी त्याला दोनदा सांगितलं.

मी भ्याले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर गावात माझा सत्कार झाला तेव्हा प्रत्येकानं भाषणात माझ्या जिद्दीचं कौतुक केलं आणि मी खाली मान घालून ऐकून घेतलं. जिद्द वगैरे काही नव्हतं. तुमच्यापैकी जे वस्तीवरच राहिले आणि जे माझ्यासारखे भीत भीत लांब गेले, त्यांना तरी खरं कळावं म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या पायाशी दोन मोठी पोती होती. त्यात बाजरीचं पीठ, तिखटाचा डबा, तवा आणि घडी घातलेली निळी ताडपत्री. माय कारखान्याला निघताना जे बांधते तेच तिनं मला बांधून दिलं होतं. लांब जायचं म्हणजे काय न्यायचं, याचा तिचा अनुभव तेवढाच. हॉस्टेलला पक्कं छत असतं असं मी सांगून पाहिलं. "गळलं तर?" एवढंच ती म्हणाली. पहिली भाकरी घरच्या पिठाची झाली म्हणजे परकी जागा सोसते, असं ती दरवर्षी कोपीत पहिल्यांदा चूल पेटवताना म्हणते. कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळ तोडकऱ्यांनी बांबू नि पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याची, बांधलेली झोपडी, तिथं पाच-सहा महिने संसार.

दिल्लीचं ते विद्यापीठ सरकारी. साऱ्या देशातली मुलं एकच परीक्षा देतात आणि जागा मूठभर. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या भूगोलाच्या मॅडमनी माझा फॉर्म त्यांच्या मोबाईलवरून भरला. जातीचा दाखला मागितला तेव्हा मी शाळेपासून जपलेला दाखला दिला. त्यावर शिक्का होता, सही होती, आणि आमची जात भटक्या जमातींत येते असं स्वच्छ लिहिलं होतं. आमच्याकडे दाखला एकदा काढतात आणि पोरीच्या लग्नापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. दाखल्यातसुद्धा दोन प्रकार असतात हे ना मॅडमना माहीत होतं, ना मला.

यादीत नाव आलं. प्रवेशाच्या दिवशी एका लांबलचक हॉलमध्ये कागद तपासायला मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढचे-मागचे सगळे हिंदीत नाही तर इंग्रजीत बोलत होते आणि प्रत्येकाकडे फाईल होती. माझ्याकडे किराणा दुकानातली साखरेची पिशवी. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी माझा दाखला उलटा-सुलटा पाहिला आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या, "बेटा, ये तो स्टेट वाला है। सेंट्रल वाला लाना पड़ेगा।"

मला वाटलं, दुसऱ्या खिडकीवर मिळत असेल. मग त्यांनी समजावून सांगितलं. महाराष्ट्रात आम्ही भटक्या जमातीचे, पण केंद्राच्या कागदांत तो रकानाच नाही, तिथं आम्ही ओबीसी. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, तोही चालू वर्षाचा, आणि तो आपल्या जिल्ह्यातच निघतो. त्यांनी माझ्याकडून एक हमीपत्र लिहून घेतलं. तीस दिवसांत दाखला दिला नाही तर माझा प्रवेश रद्द होईल आणि त्याबद्दल माझी काही तक्रार राहणार नाही, असं मी माझ्याच अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. पहिली सही चुकली, ती परत करावी लागली.

आता तुम्ही विचाराल, त्याच क्षणी घरी फोन का नाही केला. नाही केला, कारण मला नानांची भीती वाटत होती.

नाना माझे चुलते. त्यांचा एक पाय अधू आहे, म्हणून ते कारखान्याला जात नाहीत. माय-दादा गेले की मला त्यांनीच स्वतःच्या घरी सांभाळलं. माणूस वाईट नाही. पण आमच्या धंद्याची रीत त्यांच्या हाडात मुरलेली. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळी जमवणारा मुकादम घेत नाही. म्हणून पावसाळा सरत आला की आमच्या भागात लग्नं उरकायची घाई होते. नानांनी माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. मी निघायच्या आदल्या दिवशी ते ओट्यावर बसून दादांना शांतपणे म्हणाले होते, "जाऊ दे तिला. जमलं तर जमलं. न्हाईतर दसऱ्याच्या आत येईलच की वापस."

त्यात धमकी नव्हती की राग नव्हता. पण दिल्लीत मी बोटं मोजली. तीस दिवस संपत होते ते बरोबर दसऱ्याच्या तोंडावर. म्हणजे दाखला नाही आला तर मी वेळेत पोचणार होते, लग्नाला आणि ट्रॉलीत बसायलाही. तोवर आपल्याकडच्या कॉलेजांचे प्रवेश बंद झालेले असणार. इकडचं नाही, तिकडचं नाही.

अकरा दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. वर्गात जात होते, वहीत लिहून घेत होते, आणि शिकवलेलं एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. पोती सोडली नाहीत. बादली घेतली नाही, कारण परत जायचं असेल तर बादलीचं काय करायचं. माझी रूममेट बिहारची होती, शबनम. ती अंघोळीला स्वतःची बादली न विचारता माझ्या कॉटखाली सरकवून जायची. एकदा तिनं पोत्यातून डोकावणारी ताडपत्री पाहून हे काय म्हणून विचारलं. सायकल झाकायला, असं मी सांगितलं. माझ्याकडे सायकल नव्हती.

बाराव्या दिवशी मायचा फोन आला. पिठाला जाळी लागली नाही ना, असं तिनं विचारलं आणि मला रडूच फुटलं. तिनं फोन दादांकडे दिला. मी सगळं सांगितलं, दोन प्रकारचे दाखले, हमीपत्र, तारीख. माझ्या बापाला सहीपुरतं लिहिता येतं. त्यांना यातलं किती कळतंय याची मला शंका होती. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सही कोन्या सायबाची लागती?"

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तलाठ्याकडचा कागद, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, सेतूत अर्ज, असं एकेक झाल्याचं कळत होतं. मी केंद्राचा नमुना सेतूच्या मोबाईलवर पाठवून दिला होता. पण अर्ज वर प्रांतसाहेबांच्या सहीला गेला आणि तिथंच थांबला. साहेब पाण्यानं गेलेल्या पिकांच्या पाहणीला गावोगाव फिरत होते, चुकी कुणाचीच नव्हती. कचेरीतल्या क्लार्कनं दादांना पुढच्या सोमवारी यायला सांगितलं. माझी मुदत शुक्रवारी संपत होती.

मी मनातल्या मनात सामान बांधलं. खरंच सांगते, त्या दिवशी मी शबनमला तिची बादली धुऊन परत दिली.

दादांनी काय केलं ते मला नंतर नानांकडून कळलं. ज्यांनी कारखान्याचं आवार पाहिलंय त्यांना हे समजेल. उसानं भरलेल्या बैलगाड्या गव्हाणीपुढे, म्हणजे ऊस कारखान्यात ओततात त्या जागेपुढे, रांगेत लागतात, गाडी रिकामी व्हायला कधी पुरा दिवस जातो, कधी दीड. तिथं एकच नियम. नंबर लागेपर्यंत गाडी सोडून हलायचं नाही. हललात की मागचा पुढे सरकतो आणि तुम्ही शेपटाला. तोडकरी तिथंच गाडीखाली जेवतो, तिथंच लवंडतो. माझ्या बापानं वीस-बावीस वर्षं हेच केलं होतं. कचेरीत वशिला लावणं, फोन करणं, गोड बोलणं यातलं त्यांना काही येत नव्हतं. रांगेत थांबणं येत होतं. त्यांनी क्लार्कला सांगितलं, "सोमवारपत्तुर कशाला जायाचं? आमी हितंच हाय." आणि ते साहेबांच्या दाराशेजारी भिंतीला टेकून खाली बसले.

तीन दिवस बसले. कचेरी बंद झाली की बाहेर पिंपळाच्या पारावर, उघडली की पुन्हा दारापाशी. शिपायानं दोनदा उठवलं. ते उठायचे, वाट द्यायचे, पुन्हा बसायचे. कुणाशी भांडले नाहीत, हात जोडले नाहीत. आणि तिन्ही दिवस खर्ड्याहून एसटीनं त्यांच्यासाठी भाकरी घेऊन कोण येत होतं, तर नाना. अधू पाय ओढत, फडक्यात बांधलेली भाकरी नि ठेचा घेऊन. मी ज्यांना भीत होते ते नाना. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब पाहणीवरून थेट कचेरीत आले, दारातल्या माणसाकडे पाहून हा कोण म्हणून विचारलं, आणि उभ्या उभ्या कागद मागवून सही केली.

फोटो मला गुरुवारी आला. नानांनी काढलेला, अर्धा हललेला, कोपऱ्यात त्यांचा अंगठा. मी सेतूत फोन करून नीट स्कॅन करून घेतला, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली आणि शुक्रवारी सकाळी हॉल उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. माझा नंबर पहिला होता. त्याच बाई होत्या. त्यांनी कागदावरून ओळीओळीनं बोट फिरवलं. मग त्या म्हणाल्या, फॉर्मॅट ठीक आहे, मूळ प्रत जानेवारीत आणून दाखव. बाहेर येऊन मी पायरीवर बसले. आनंद झाला असं म्हणता यायचं नाही. त्या दिवशी मी पोती सोडली आणि बादली आणली.

त्या दिवशी फोनवर दादांनी विचारलं, "मंग आता पट्टा कधी पडनार?" कारखान्याचा हंगाम संपतो त्याला आमच्यात पट्टा पडणं म्हणतात. एवढे दिवस त्यांची समजूत होती की माझंही सहा महिन्यांचं काम आहे, उन्हाळ्यात मी कायमची घरी. मी सांगितलं, तीन वर्षांनी, कदाचित पाच. वाटलं, आता म्हणतील, मग ये परत. ते म्हणाले, "बरं. नंबर सोडू नगं."

डिसेंबरच्या सुट्टीत मी मूळ प्रत आणायला गेले. वस्तीवरच्या घराला कुलूप होतं. नानांना पत्ता विचारून मी थेट माय-दादांच्या फडावर गेले, कोल्हापूरच्या बाजूला. दुपार होती, ती दोघं उसात होती. कोपीत शिरले तर, मी येणार हे त्यांना ठाऊक नसतानाही, आत पाचटाचं अंथरूण तिघांच्या मापाचं केलेलं. चुलीमागे मी टपालानं परत पाठवलेली निळी ताडपत्री होती. आणि वर, बांबूच्या आढ्याला, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक घालून माझा दाखला टांगलेला होता. उंदीर पोचू नयेत इतका उंच, आणि धूर नि ओल लागू नये म्हणून चुलीपासून नि पाचटाच्या कडेपासून लांब. गावी कुलपात ठेवला आणि दिल्लीहून अचानक मागितला तर काय करायचं, म्हणून दादांनी तो ट्रॉलीत बरोबर आणला होता. कोयते, तवा, पीठ आणि माझा दाखला.

आता माझं तिसरं वर्ष आहे. भीती गेलेली नाही. प्रत्येक सत्राला नवा फॉर्म येतो आणि मी तो अजून तीन-तीनदा वाचून बघते. ऑगस्टात नवी मुलं येतात तेव्हा मी त्या हॉलच्या दाराशी उभी राहते. कुणी जामखेडचं, पाथर्डीचं, बीडकडचं दिसलं की आधी दाखला बघायला मागते. फॉर्मवर कायमचा पत्ता असा रकाना असतो. तिथं मी वस्तीचं नाव लिहिते, जिथं वर्षातले सहा महिने दाराला कुलूप असतं. तो पत्ता खोटा नाही. पण मला परत बोलावलं, रद्द केलं, हाकललं, तर मी जाईन कुठं, हा विचार मनात आला की मला ते घर दिसत नाही. मला ती कोपी दिसते, दर हंगामाला वेगळ्या शिवारात बांधलेली. दाखला दरवर्षी नवा निघतो. दादा दरवर्षी तो आढ्याला बांधतात, आणि माय दरवर्षी अंथरूण तिघांचं करते.