धूळ काढा : जास्त

स्टुडिओत स्कॅनर आणला त्या वर्षी माझा तोरा काही विचारू नका. सीबीएस बसस्टँडमागच्या आमच्या गल्लीत बाकीचे फोटोवाले अजून रोल धूत बसलेले, आणि माझ्याकडे काचेवर फोटो पालथा ठेवला की तो कॉम्प्युटरवर उमटायचा. सॉफ्टवेअर उघडलं की पंधरावीस चौकोन समोर यायचे. माहितीपुस्तिका वाचायचा मला पहिल्यापासून कंटाळा. एकेका चौकोनात खूण करून बघायची आणि ज्याने फोटो चकाचक होईल ते कायमचं लावून टाकायचं, ही माझी पद्धत. त्यात एक सोय होती धूळ काढायची. कमी, मध्यम आणि जास्त. मिसळीवर जादा तर्री मागणारा माणूस मी, ती कायम ‘जास्त’वरच असायची. बुरशी, शाईचे शिंतोडे, माशीचे ठिपके, सगळं साफ. गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश.

एका दुपारी चांदवडकडच्या खेड्यातून दोघी आल्या. एक पन्नाशीची. दुसरी तिची मावशी, सत्तरीपुढची, नुकताच मोतीबिंदू काढलेली. पन्नाशीच्या बाईंनी पिशवीतून वही काढली आणि वहीतून एक फोटो. पत्त्याच्या पानाएवढा. कुठल्याशा लग्नातला असावा. डोक्यावरून पदर घेतलेल्या नऊ बायका ओळीने बसलेल्या, आणि सगळ्यांवर डागच डाग.

“यात माझी आई हे,” त्या म्हणाल्या. “कोणती, ते नाय माहीत.”

आई गेली तेव्हा त्या तीन महिन्यांच्या होत्या. आईचा फोटो घरात कधी नव्हताच. हा एवढा त्यांच्या मामाच्या ट्रंकेत, कळवणला, मामा गेल्यावर सापडला. आईला पाहिलेलं माणूस आता ही मावशी एकटीच उरली होती, आणि तिला मसुरीएवढे चेहरे काही दिसत नव्हते.

“मोठा करून दावा,” बाई म्हणाल्या. “मावशी वळखंल.”

मी ऐटीत फोटो काचेवर ठेवला. पडद्यावर एकेक चेहरा ताटलीएवढा करून दाखवला. डाग एकही नाही, गाल कसे स्वच्छ. मावशी खुर्ची पुढे ओढून बघत होत्या. नऊही चेहरे झाले. पुन्हा पहिल्यापासून झाले.

“नाय,” मावशी म्हणाल्या. “ह्यात नाय ती.”

बाईंनी वही उघडून फोटो आत ठेवायला घेतला. “नसंल मग,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडे बघवेना, आणि मला बघवेनासं झालं की मी चिडतो. मी मावशींवरच घसरलो. “अहो आजी, पन्नास वर्षं झाली. तुम्हीच चेहरा विसरला असाल!”

मावशी काय ऐकून घेतात! “चेहरा इसरले आसंन. गोंदण कसं इसरंन? मी आन् ती, दोघी एकाच दिशी बसलो सारखंच गोंदायला, गडावरच्या जत्रंत. ती लय रडली व्हती.” त्यांनी हनुवटी वर केली. हनुवटीवर एका ओळीत तीन हिरवे ठिपके. “ह्या नऊ जणीत एकीच्याबी तोंडावर गोंदण नाय. त्या टायमाला बिनगोंदणाची बाई आमच्यात औषधाला तरी गावायची का? ह्या कुठल्या मडमा आणल्या तुम्ही?”

मी तो फोटो मागून घेतला आणि भिंगाखाली धरला. डागांच्या गर्दीत कपाळावर ठिपके होते, गालावर होते, हनुवटीवर होते. नऊ बायकांची गोंदणं मी धूळ म्हणून पुसून टाकली होती. आणि वर म्हातारीला विसरभोळी ठरवायला निघालो होतो.

“आजी, चूक माझी आहे,” मी म्हणालो. एरवी हे वाक्य माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही. धूळ काढायची खूण काढली, बारकावे टिपायचा आकडा वाढवला आणि फोटो पुन्हा घेतला. यंत्राचा दिवा काचेखालून इतक्या सावकाश सरकत होता की आम्ही तिघं नुसते त्याच्याकडे बघत राहिलो.

फोटो आला तो सगळी घाण घेऊन. डावीकडून एकेक चेहरा पुन्हा मोठा करत चौथ्या बाईपाशी आलो. नाकावर बुरशी, गालावर ओरखडा, आणि हनुवटीवर एका ओळीत, सारख्या अंतरावर, तीन ठिपके.

मावशींनी पडद्यावर बोटच टेकवलं. “हीच की गं! हीच!”

बाई जवळ आल्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं. पण आधी त्यांना हसूच फुटलं. “मावशे, ही तर पोर हे. माझ्या धाकटीहून लहान हे ही!”

“एकोणीस तरी कुठं पुरी झाली व्हती,” मावशी म्हणाल्या.

मग मात्र बाईंचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू. चुकीची भरपाई म्हणून मी घाईघाईने म्हणालो, “आईंचा एकटीचा चेहरा वेगळा काढून देतो. हाताने एकेक डाग पुसतो, मोठी फ्रेम करून देतो.”

बाईंनी पडद्यावरची नजर न काढता मान हलवली.

“एकटीला नका काढू,” त्या म्हणाल्या. “बायांमधीच बसू द्या तिला. लहान हे ती.”