हवालदाराचे गुलमोहर

नाथाजी हवालदाराचा कुणावर विश्वास म्हणून नसायचा. घरी दूध आलं की तो भांड्यात बोट बुडवून बघायचा, आणि एसटीत बसल्यावरही कंडक्टरला दोनदा विचारायचा, ही कडेगावलाच जाते ना? अठरा वर्षं फौजेत डोळ्यांत तेल घालून काढलेली. गावी आल्यावरही ती सवय सुटली नाही. बायको चंद्राबाई म्हणायची, "ह्येंचा सोताच्या सावलीवर बी इस्वास न्हाई."

जीव लावला तो झाडांना. शाळेपुढच्या रस्त्याला त्यानं बावीस गुलमोहर लावले आणि सहा उन्हाळे खांद्यावरून पाणी वाहून जगवले.

शहाण्णव सालच्या जुलैत त्यांच्यावर अळी पडली. पाच झाडांची पार चाळण झाली. नाथाजीनं औषध मारलं, पण कसं? रविवारी, शाळेला सुट्टी बघून, वारं पडल्यावर, नाकाला फडकं बांधून, टोपणानं मापून आणि फक्त त्या पाच झाडांना. उरलेल्या सतरांवर थेंबसुद्धा नाही. अळी गेली. आणि आठ-दहा दिवसांत त्याच पाच झाडांच्या फांद्या पिळवटल्या, पानं आखडली.

संशय कुणावर जायचा हे ठरलेलंच होतं. रस्त्याला लागून हिंदुरावाचा ऊस होता, आणि झाडांच्या सावलीनं ऊस वाढत नाही ही त्याची जुनी तक्रार. नाथाजी भर दुपारी शाळेच्या व्हरांड्यात दबा धरून बसू लागला. तिसऱ्या दिवशी हिंदुराव बादली घेऊन आला आणि एका झाडाच्या बुडाशी वाकला.

"काय वततोस रं मुळात?"

"पानी. झाड सुकाय लागलंय, दिसत न्हाई व्हय?"

"सावलीनं ऊस मरतो म्हननारा तू, आनि झाडाला पानी?"

नाथाजीनं बादली हुंगली. वास कसलाच नव्हता. म्हणजे गडी लय बेरकी, असं त्यानं ठरवून टाकलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी गाव जमला, तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत बोट रोखलं, "शाळंची झाडं ह्या हिंदुरावानं मारली." हिंदुराव तिथून निघून गेला.

विषाचा दाखला कागदावर पाहिजे म्हणून नाथाजीनंच कृषी सहायकाला बोलावलं. प्रबुद्ध नावाचा तो तरुण पाचही झाडांभोवती फिरला.

"मुळात विष असतं तर सगळंच झाड गेलं असतं, आबा. वरचा शेंडा हिरवागार हाय. पंपाचा फवारा पोचला तेवढंच आखडलंय. पंप कुणाचा?"

"माजाच."

"त्याच्या आधी त्यातनं काय मारलं हुतं?"

"तननाशक," नाथाजी म्हणाला. त्याच पंपानं त्यानं आपल्या उसात तणनाशक मारलं होतं, आणि नंतर पंप एका पाण्यानं विसळला होता. तणनाशकाला पंप वेगळा ठेवा, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण हा आपल्या गळ्यात दुसरा पंप मारायला बघतोय, असा नाथाजीला संशय आला होता.

"मी कुणाला सांगत न्हाई," प्रबुद्ध म्हणाला. "झाडं जगत्याल. पाणी तेवढं घालत ऱ्हावा."

नाथाजी तडक हिंदुरावाच्या दारात गेला. सगळं सांगितलं, हात जोडले. हिंदुराव उंबऱ्यातून हललाही नाही.

"बोललास तवा शाळंपुढं बोललास. आता हितं कशाला आलायस?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर नाथाजी पोरांपुढं उभा राहिला. झाडं हिंदुरावानं नाही, मीच बिघडवली, माझ्याच पंपानं, असं त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं. काही पोरं फिदीफिदी हसली.

पाचवीच्या रांगेत हिंदुरावाची नात शिवांजली उभी होती. तिच्या पुढं आणि मागं एकेका मुलीची जागा मोकळी होती. ती हसली नाही. नाथाजीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"गुर्जी," ती म्हणाली, "आता ह्या पोरी माज्याजवळ बसत्याल न्हवं?"