कुकरची शिटी आणि आत्याचं वॉरंट

नव्वदच्या दशकात मी डोळखांबकडे एका शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. सकाळी पोरांकडून 'चोरी करू नये' घोकून घ्यायचो. त्याच आठवड्यात माझी सख्खी आत्या शहापूरला भांड्यांच्या दुकानात चोरी करताना सापडली.

चोरलं काय, तर कुकरची शिटी. तिची हरवली होती. दुकानदार म्हणाला, "सुटी मिळत नाही, कुकर घ्या." आत्यानं नव्या कोऱ्या कुकरची शिटी काढून कमरेला खोचली आणि निघाली. दाराशीच धरली. 'चुकलं' म्हणाली असती तर त्यानं सोडलीही असती. पण ती उलट त्यालाच म्हणाली, "सुटी इकली असतीस तर मी चोरली असती काय रे?" त्यानं पोलीस बोलावले.

गुन्हा नोंदला गेला. वकील म्हणाला, "वस्तू एवढीशी आहे म्हणून कायदा डोळे मिटत नाही. तुरुंगही होऊ शकतो." आत्याला जामीन मिळाला. जामीनदार मी. ती तारखेला हजर राहील, ही हमी माझ्या पगाराच्या दाखल्यावर.

पुढच्या दोन तारखा नेमक्या भाताच्या लावणीत आल्या. आत्या गेली नाही आणि मला बोललीही नाही. मग एका रविवारी हवालदार थेट शेतात आला. मी तिच्याबरोबर चिखलातच होतो.

"मावशी, वॉरंट आहे. कोर्टानं पकडून आणायला सांगितलंय."

"भाताचं आवण, रोपं, उपटून ठेवलंय. आज नाय लावलं तर सुकंल. उद्या पकडा."

हवालदार बांधावर उकिडवा बसला. "वॉरंट उद्यावर ढकलता येत नाय. कोर्ट रद्द करीपर्यंत ते चालूच असतं. हे जामीनपात्र आहे म्हणून बरं. आत्ता नव्यानं हमी लिहून द्या, तारखेला या, मी नेत नाय. ती तारीख चुकवलीत तर बिनजामिनाचं निघेल. मग माझ्या हातात काय नाय. जामीनदारालाही कोर्ट सोडणार नाय."

माझ्या हातातली रोपांची जुडी खाली पडली. आत्यानं मात्र चिखलाचाच अंगठा कागदावर उठवला.

या वेळी मी तिला स्वतः कोर्टात नेलं. साहेबांनी विचारलं, "गैरहजर का राहिलात?"

"सायेब, लावणी तुमची तारीख बघत नाय."

साहेबांनी वहीत डोकं घातलं; हसले असावेत. वॉरंट रद्द झालं. मग लाखेचं सील फोडून मुद्देमाल बाहेर काढला. भरल्या कोर्टात ती शिटी फारच केविलवाणी दिसली. इतके दिवस कुणालाच न जुमानणाऱ्या आत्यानं पदर तोंडाला लावला. "मीच काढली," ती हळूच म्हणाली.

पहिलाच गुन्हा, शिवाय कबुली. साहेबांनी समज देऊन सोडलं.

घरी आईनं विचारलं, "काय झालं वो वन्सं?"

आत्या पाय धूत होती. "समज दिली."

"मंग?"

"घेतली."

त्यानंतर तिनं शहापूरच्या त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. सुई हवी असली तरी मुरबाडला जायची.